बेसमेंटमधले आजोबा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सही करायला, नाहीतर किराणा लिहायला. हे कुणाला दाखवायचं नाही, माझ्यापुरतंच आहे. पण चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर वेलांट्या-उकारांकडे बघू नये, आणि ओळ तिरकी गेली असेल तिथे मान थोडी वाकडी करून वाचावं. घाईत लिहितेय. शनिवारी जे झालं ते अजून अंगातून उतरलेलं नाही, आणि उतरायच्या आत कागदावर यायला हवं.

सुरुवात फोटोपासून करते.

माझा मुलगा अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या शहरात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. सून घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. नोव्हायमधली घरं परवडेनात, म्हणून त्यांनी अर्ध्या तासावरच्या एका जुन्या गावात जुनं घर घेतलं. मिस्टर गेल्यावर मीही तिथे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात बेसमेंट झाडायला खाली उतरले, तर गरम पाण्याच्या टाकीमागे भिंतीला टेकवून ठेवलेला एक मोठा फोटो. जाड लाकडी चौकट. दाढीवाला म्हातारा, बंद गळ्याचा काळा कोट. कोटाची डावी बाही रिकामी, दुमडून पिनेनं टाचलेली. आणि डोळे असे, की कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघणार.

मला वाटलं, आधीच्या मालकांचे वडील असतील नाहीतर आजोबा. सामान हलवताना राहून गेले. आता कुणाचे का असेनात, घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो असा टाकीमागे जमिनीवर ठेवायचा? मी काच पुसली, मुलाकडून खिळा ठोकून घेतला आणि फोटो भिंतीवर लावला. मिस्टरांच्या फोटोसाठी येताना चंदनाचे दोन हार आणले होते, त्यातला एक यांना घातला. रोज संध्याकाळी वर देवापाशी दिवा लावला की खाली जाऊन यांना उदबत्ती. नाव माहीत नव्हतं, म्हणून मी आजोबा म्हणायला लागले.

मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सून पुण्याची, तिला राहवतंय कुठे.

"आई, आपण घर विकत घेतलं की आजोबा दत्तक घेतले?"

"असू दे गं. जागा कुठे अडवताहेत?"

"जागा नाही अडवत, पण मी वॉशिंग मशीन लावायला गेले की असे बघतात ना, माझ्या मॅनेजरसारखे. डेडलाइन काय झाली विचारतील असं वाटतं."

दोन वर्षं असं चाललं.

शेजारी एक बाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला. आमच्याकडे शिकवणाऱ्यांना बाईच म्हणायचे, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. तेव्हा मात्र आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. एका दुपारी वादळात आमच्या घरचे दिवे गेले. विजेची पेटी बेसमेंटमध्ये नेमकी कुठल्या कपाटामागे आहे ते सुनेला ठाऊक नव्हतं. बाईंना हे घर जुन्या मालकांपासून माहीत, म्हणून सुनेनं त्यांना बोलावलं. त्या बॅटरी घेऊन पुढे, मागे आम्ही दोघी. बॅटरीचा उजेड फिरत फिरत भिंतीवर गेला. फोटो, हार, खाली उदबत्तीची राख.

बाई पायरीवर मटकन बसल्या. मला वाटलं छातीत दुखलं. बघते तर हसताहेत. हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि सुनेशी भरभर काहीतरी बोलल्या. सूनही पायरीवर बसली.

"आई, हे कुणाचे आजोबा नाहीत. हे या राज्याचे गव्हर्नर होते. दीडशे वर्षांपूर्वी. आधी सैनिक, मग वकील, मग गव्हर्नर. जुन्या मालकानं भंगारबाजारातून नुसत्या फ्रेमसाठी आणला होता फोटो."

"अगं बाई. म्हणजे?"

"म्हणजे आपण दोन वर्षं गव्हर्नरला उदबत्ती लावतोय."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. म्हटलं, "सांग त्यांना, चुकून झालं. मी हार काढते." बाईंनी माझा हात धरला. सून म्हणाली, "काढू नका म्हणताहेत. गव्हर्नरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यासाठी एवढं कुणीच केलं नसेल म्हणतात."

त्या हिवाळ्यात बाई दुपारच्या चहाला येऊ लागल्या. मी आल्याचा चहा करायची, त्या गव्हर्नरांची गोष्ट सांगायच्या. सुनेच्या मीटिंगा चाललेल्या असायच्या, म्हणून तिनं माझ्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं. फोन टेबलावर मध्ये ठेवायचा, बाई इंग्रजीत बोलल्या की तो मराठीत बोलणार. त्याचं मराठी म्हणजे स्टेशनवर घोषणा करतात तसं. "सदर अधिकाऱ्याचा हात कापून टाकण्यात आला आहे." मी चहाचा कप तसाच धरून बसायची. इतकं भयंकर, आणि सांगणारा असा थंड. मग मी बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांच्या तोंडावर सगळं दिसायचं. दोन-तीन महिन्यांत मला गोष्ट पाठ झाली. कणीक मळताना मी ती मनात पहिल्यापासून म्हणायची, आणि गोष्टीतल्या आगबोटीपाशी आले की दर वेळी हात थांबायचे.

बाई दर वसंतात, गव्हर्नरांच्या वाढदिवसाच्या शनिवारी, गावच्या लायब्ररीत लोकांना ही गोष्ट सांगायच्या. कित्येक वर्षं त्यांनीच सांगितली. या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नुसता वारा उरला. लायब्ररीनं कळवलं, काळजी करू नका, आपण व्हिडिओ लावू. ते सांगायला बाई आमच्याकडे आल्या आणि सुनेच्या कानाशी तोंड नेऊन बोलल्या.

सून म्हणाली, "या वर्षी व्हिडिओ लावतील आणि पुढच्या वर्षी काहीच लावणार नाहीत, असं म्हणताहेत. कुणी माणूस सांगणारं असेल तर लायब्ररी व्हिडिओ रद्द करेल. आणि आई..." ती माझ्याकडे बघून हसू दाबत होती. "तुम्ही सांगाल का विचारताहेत. तुम्हाला सगळं पाठ आहे ना."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागले.

मला माणसांसमोर बोलता येत नाही. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की खाली बस म्हणेपर्यंत मी गप्प उभी राहायची. हळदीकुंकवात उखाण्याची पाळी आली की मी मोरीवर असायची. माझ्या लग्नात मी मिस्टरांचं नाव इतकं हळू घेतलं होतं, की सासूबाई म्हणाल्या, घेतलं असं समजू.

भांडी धुऊन बाहेर आले तर बाई दिसेनात. बेसमेंटचा दिवा लागलेला. खाली गेले. बाई फोटोसमोर उभ्या राहून गोष्टीची सुरुवात म्हणून बघत होत्या. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नव्हता. त्या थांबत नव्हत्या. मला ते बघवेना. मी मागूनच म्हटलं, "सांगते मी." मराठीतच म्हटलं, तरी त्या वळल्या.

सुनेला सांगितलं तेव्हा ती कॉफी पीत होती. "तुम्ही? आई, तुम्ही भावाशी फोनवर बोलतानासुद्धा पडद्याआड जाता."

"तू इंग्रजीत करून सांगशील ना?"

"सांगेन. पण मुद्देसूद सांगा हां. लोक अर्ध्या तासात उठतात, यार." मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, आई."

मुद्देसूद मला येत नाही. मला एकच पद्धत माहीत आहे. श्रावणात शुक्रवारी सासूबाई कहाणी सांगायच्या. ऐकणाऱ्या सगळ्यांनी मुठीत अक्षता धरायच्या, आणि कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही. ऐकणाऱ्यानं उठायचं नाही आणि सांगणारीनं मध्येच सोडायची नाही. त्या दुसऱ्या नियमाचाच मला आधार वाटला. एकदा सुरू केली की सोडता येणार नाही, लाज वाटो की काही होवो.

रोज उदबत्ती लावून मी फोटोपुढे म्हणून बघायची. सुनेला दोनदा ऐकवली, पण दोन्ही वेळा निवडणुकीपर्यंत आलो आणि तिचा ऑफिसचा फोन वाजला. "शेवट मी मॅनेज करते," म्हणाली. शेवट बाईंनी मला सांगितला तेव्हा ती वर मीटिंगमध्ये होती. तिला तो माहीत नव्हता.

शनिवारी सकाळी मी डबाभर तांदूळ हळदीकुंकू लावून घेतले. सून दारातच थांबली. "आई, हे काय? सगळ्यांचे हात पिवळे होतील. खुर्च्या पिवळ्या होतील."

"धुतले की जातं."

"इथे लग्नात तांदूळ उडवतात. लोकांना वाटेल तुमचं लग्न आहे."

मुलगा गाडीत फोटो ठेवत होता. तो म्हणाला, "बसा आता दोघी. गव्हर्नरांना उशीर होतोय."

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बहुतेक म्हातारी. टेबलावर फोटो उभा केला, हारासकट. मी डबा घेऊन रांगेरांगेनं फिरले. आधी स्वतःच्या हाताची मूठ करून दाखवायची, मग त्यांच्या हातात चिमूटभर अक्षता. टोपीवाल्या एका आजोबांनी खरंच विचारलं, नवरी कुठे आहे म्हणून. सुनेनं माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' असं बघितलं आणि माइकवरून सगळ्यांना नियम समजावला. लोक हसले, पण मुठी मिटल्या. पहिल्या रांगेत बाई. त्यांनी मूठ छातीशी धरली होती.

मी उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. शाळेतल्यासारखंच. पाय लटलटत होते, मुठीतले तांदूळ ओले झाले. सून पुटपुटली, "आई, सुरू करा, नाहीतर मी व्हिडिओ लावायला सांगते." मी फोटोकडे पाहिलं. ते नेहमीसारखे माझ्याकडेच बघत होते.

"एक नगर होतं," मी म्हटलं. "हेच. आपण बसलोय ते."

सुनेनं ते इंग्रजीत सांगितलं आणि लोक खुर्चीत पुढे सरकले.

मग मला थांबता येईना. सांगितलं, की इथे एका गरीब शेतावर एक मुलगा होता. शाळा फक्त हिवाळ्यात, शेतात काम नसेल तेव्हा. असे तीन हिवाळे तो शिकला. म्हणजे माझ्याहून एक वर्ग कमी. हे सुनेनं सांगितल्यावर हॉल खळखळून हसला, आणि ते हसू माझ्या पायांपर्यंत गेलं, पाय स्थिर झाले. पुढे तो गिरणीत राबला, उसनी पुस्तकं आणून कायदा वाचला आणि वकील झाला. मग उत्तर आणि दक्षिणेचं युद्ध पेटलं, गुलामांच्या सुटकेचं. गावची पोरं घेऊन तो कॅप्टन म्हणून गेला. लढाईत डाव्या हाताला गोळी लागली. तंबूत हात कापला आणि त्याला घरी जा म्हणाले.

त्याच आठवड्यात शिपायांचा कित्येक महिन्यांचा थकलेला पगार एकदम आला होता. तेव्हा पैसे घरी धाडायची धड सोय नव्हती. पोरं म्हणाली, कॅप्टन, तुम्ही गावाला चाललाच आहात, तर हे आमच्या घरी द्या. एकेकानं पैसे दिले आणि कानात निरोप सांगितला. चामड्याची पिशवी भरली. ती गळ्यात अडकवून तो आगबोटीत बसला. पहाटे नदीत आगबोटीचा बॉयलर फुटला. तो पाण्यात फेकला गेला, पिशवीचा पट्टा तुटला. हात एकच. फळी धरायची की पिशवी? त्यानं पिशवी धरली. दोनदा बुडाला. कुणीतरी कॉलरला धरून त्याला फळीवर ओढला तेव्हा पिशवी तळाला गेलेली.

सून हे सांगत होती आणि तिचा आवाज बदलला होता. ऑफिसात बोलते तसा राहिला नव्हता. एक हात तिनं आपोआप पाठीमागे नेला होता.

तो गावात आला आणि घरोघर गेला. दारात उभा राहून म्हणायचा, तुमच्या मुलाचे पैसे माझ्याकडून बुडाले, मी देईन. कुणी आत घेऊन जेवू घातलं, कुणी दार लावलं. वकील होता, त्याला चांगलं ठाऊक होतं की कायद्यानं त्याच्याकडून कुणीही काही वसूल करू शकत नाही. तरी युद्ध संपल्यावर एकेक खटला लढून एकेक घर फेडत गेला. कोट तोच. बायकोनं त्याच कोटाला तीनदा अस्तर लावलं. लोकांनी गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा केला, तेव्हा भरसभेत समोरचा ओरडला, शिपायांचे पैसे बुडवणाऱ्याला मत देणार का? हा उठला आणि म्हणाला, बरोबर बोलतोय तो. अजून तीन घरं राहिलीत. निवडून आलो तर पगारातून देईन, पडलो तर वकिलीतून.

तो निवडून आला. दोन घरं फिटली. एक राहिलं.

इथून पुढचं सुनेनं कधी ऐकलं नव्हतं.

"शेवटच्या घरचा मुलगा युद्धात मेला होता," मी म्हटलं. "त्याची आई गाव सोडून कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. गव्हर्नरकी संपली, दाढी पांढरी झाली, तरी तो शोधत राहिला. मग कळलं, लांबच्या एका गावी एक म्हातारी लोकांचे कपडे धुते, ती तीच. बर्फात रेल्वेनं तो तिथे गेला. तिच्यासमोर पैसे ठेवले. ती म्हणाली, मला नकोत. मुलगा आला नाही, नुसते पैसे घेऊन काय करू?"

सून इंग्रजी करायची विसरली. माइक तसाच तोंडाशी धरून माझ्याकडे वळली. "मग? घेतले का तिनं?"

"अगं, आधी एवढं त्यांना सांग."

"आई, सांगा ना, घेतले का?"

सगळा हॉल आम्हा दोघींकडे बघत होता. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण टोपीवाले आजोबा मोठ्यानं काहीतरी बोलले आणि लोक हसले. नंतर कळलं, ते म्हणाले होते, सासू-सुनेत काय ते ठरवा, पण आम्हाला पुढचं सांगा. सुनेनं डोळे पुसून तेवढं इंग्रजीत सांगितलं. हसू लगेच थांबलं. एकही मूठ उघडी नव्हती. शेवटी त्यांनी त्या अक्षता फोटोवर वाहिल्या, लग्नात उडवतात तशा, आणि लायब्ररीवाल्यांनी पुढच्या वर्षीची तारीख सुनेच्या फोनमध्ये घालून घेतली. पण ते नंतर. तेव्हा मी बाईंकडे बघत होते. त्यांचे ओठ माझ्या पुढे पुढे चालले होते.

"ती म्हणाली, पैसे देताना माझा मुलगा तुझ्या कानात काय म्हणाला होता, ते आठवतं? एवढी वर्षं झाली होती. हा म्हणाला, आठवतं. तो म्हणाला होता, आईचे बूट फाटलेत, तिला सांगा, आधी बूट घे."

सून सांगत होती. सावकाश, एकही शब्द न गाळता.

"म्हातारीनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग उठली, शाल घेतली आणि म्हणाली, चल दुकानात. दोघं बर्फातून गेली. दुकानात ती बाकावर बसली आणि तिनं एकेक पाय पुढे केला. गव्हर्नर खाली वाकला, पण बुटाची नाडी एका हातानं बांधता येईना. तेव्हा एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, आणि गाठ मारली. दुकानदाराला त्यानं त्या पैशांतले पैसे दिले. उरलेले तिच्या ओच्यात मोजून टाकले, शेवटच्या नाण्यापर्यंत. तिनं ओचा मिटला आणि म्हणाली, पोचले. त्या दिवशी सगळ्या घरांचे सगळे पैसे फिटले."